लिबरेशन थिऑलॉजी: आमच्या किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मालवणच्या बाजूची ख्रिस्ती माणसं. मे महिन्यात खुरसाकडे (वाडीतल्या क्रुसापाशी) लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना संपली, चणे वाटून झाले की आम्ही दहा-बाराजण मागे थांबतो, बायबलमधला एखादा उतारा वाचतो आणि त्यावर बोलतो, बाकीच्या दिवसांत हेच कोणाच्या तरी पडवीत बसून चालतं. बोलता बोलता लिबरेशन थिऑलॉजीचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कधी आमच्याच माणसांकडून, कधी मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांकडून, कधी हिंदू शेजाऱ्यांकडून. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया.

लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे नक्की काय?

मराठीत कोणी मुक्तीचं ईशज्ञान म्हणतं, कोणी मुक्तीचं ईश्वरविज्ञान, पण बोलताना सगळे लिबरेशन थिऑलॉजीच म्हणतात. साधं सांगायचं तर, देवाबद्दल विचार करायचा तो कुठे बसून करायचा हा प्रश्न आहे. इतकी शतकं तो सेमिनरीत (फादर तयार होतात तिथे), युनिव्हर्सिटीत बसून केला गेला, आणि ही मंडळी म्हणाली की ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याच्या ओटीवर बसून बायबल उघडा आणि मग सांगा देव कसा दिसतो. तिथून बघितलं की येशूचं तारण फक्त मेल्यानंतरच्या स्वर्गापुरतं राहत नाही, आज इथे जो माणूस दाबला गेलाय त्याच्या सुटकेशी त्याचा संबंध लागतो.

गुस्तावो गुटिएरेझ हे पेरू देशातले फादर, त्यांना या विचाराचे जनक म्हणतात. त्यांनी मुक्तीचे तीन पदर सांगितले. एक, माणसाला दडपणाऱ्या समाजव्यवस्थेतून सुटका. दुसरा, माणूस आतून मोकळा होणं, म्हणजे आपलं आयुष्य आपण घडवू शकतो हा विश्वास येणं. आणि तिसरा, पापातून सुटका, कारण शेवटी सगळ्या अन्यायाचं मूळ तिथेच आहे. तिन्ही एकत्र धरायचे, एक उचलून बाकीचे दोन टाकून द्यायचे नाहीत. टीका करणारे बरेचदा पहिलाच पदर बघतात, आणि खरं सांगायचं तर काही समर्थक पण तेवढाच बघतात.

हे सुरू कुठे झालं?

मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण सुरुवात झाली एका मासेमारी बंदरात. पेरूच्या किनाऱ्यावर चिंबोटे नावाचं बंदर आहे. १९६०च्या दशकात तिथे अँचोवेटा नावाच्या लहान माशाची अफाट पकड व्हायची आणि तो जवळजवळ सगळा मासा फॅक्टरीत दळून फिशमील आणि तेल होऊन परदेशात जायचा, कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला. डोंगरातून कामासाठी उतरलेली माणसं त्या बंदराभोवती चटईच्या झोपड्या घालून राहायची. जुलै १९६८ मध्ये त्याच चिंबोटेत फादर गुटिएरेझनी एक भाषण दिलं, विषय होता मुक्तीच्या थिऑलॉजीकडे कसं जायचं. आपल्याकडे तारली मासळी ट्रक भरभरून फिशमीलला जाताना ज्याने बघितली आहे त्याला चिंबोटे समजावून सांगायला लागत नाही.

लगेच ऑगस्ट-सप्टेंबर १९६८ मध्ये लॅटिन अमेरिकेतले बिशप कोलंबियातल्या मेडेलिन शहरात जमले आणि त्यांनी लिहून दिलं की आमच्या खंडातली गरिबी ही अन्यायातून आलेली आहे, हा अन्याय व्यवस्थेतच भरलेला आहे. बिशपांनी असं बोलणं ही मोठी गोष्ट होती. त्याआधी १९६२ ते १९६५ जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली होती, तिने चर्चच्या खिडक्या उघडल्या होत्या, आणि परिषद संपत आली तेव्हा १६ नोव्हेंबर १९६५ ला चाळीसएक बिशप रोममधल्या एका भुयारी दफनभूमीत जमले आणि त्यांनी साधं राहायची, सोन्याचांदीची चिन्हं आणि मोठमोठ्या पदव्या सोडायची शपथ घेतली. गुटिएरेझांचं पुस्तक १९७१ मध्ये आलं. १९७९ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या बैठकीत गरिबांना प्राधान्य हा शब्दप्रयोग पक्का झाला.

गुटिएरेझ स्वतः लिमातल्या गरीब वस्तीत काम करायचे. लहानपणी हाडाच्या आजाराने ते कित्येक वर्षं अंथरुणावर होते. २२ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले, ९६ वर्षांचे होते.

पण गरिबी ही देवाचीच इच्छा ना? येशूच म्हणाला की गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बरेचदा स्वतःच गरीब असतो, म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं. माझी आजी असंच म्हणायची, नशिबात लिहिलेलं.

येशू ते वाक्य बोलला तेव्हा तो बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देत होता, ऐकणाऱ्यांना तो अध्याय पाठ असायचा. त्यात पुढे लगेच काय आहे? देशात गरीब असतील, म्हणून मी तुला आज्ञा करतो की आपल्या भावासाठी हात सैल सोड. आणि त्याच अध्यायात थोडं वर असंही आहे की तुमच्यात कोणी दरिद्री असूच नये. अर्धं वाक्य घेऊन गरिबाला गप्प बसवणं हे त्या वचनाच्या बरोबर उलट आहे.

गुटिएरेझ यात एक फरक करतात जो मला फार उपयोगी पडला. पोटाची गरिबी ही वाईटच, तिचं कौतुक करायचं नाही, ती माणसाला अकाली मारते. आत्म्याची गरिबी म्हणजे देवापुढे लहान मुलासारखं मोकळं असणं, ती चांगली. आणि तिसरी, आपणहून गरिबांच्या बाजूने उभं राहून त्यांच्यासारखं राहणं, गरिबी चांगली म्हणून नाही तर तिचा निषेध म्हणून. आपल्याकडे प्रवचनात पहिली आणि दुसरी एकत्र कालवतात आणि मग उपाशी माणसाला वाटतं की उपाशी राहणं हीच आपली भक्ती.

आपण दानधर्म करतोच की. नाताळात किराणा वाटतो, आजाऱ्याला मदत करतो. अजून काय करायचं?

ते करायचंच, ते सोडायला कोणी सांगत नाही. भुकेल्याला आज जेवण पाहिजे, त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांब असं कसं सांगणार.

पण कोकणातल्या माणसाला हा मुद्दा खोतीवरून पटकन समजेल. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा, पण गावात तोच राजा. कुळाने राबायचं, पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी घालायचा, वर वेठीला जायचं, खोताच्या घरचं लग्न असो नाहीतर शाकारणी. आता काही खोत मनाने चांगले पण असतील, अडल्यानडल्याला दोन पायली भात देत असतील, सणाला लुगडं देत असतील. पण ते भात आलं कुठून? ज्याला दिलं त्याच्याच शेतातून आलं. म्हणजे खोताच्या चांगुलपणाने कुळाचं पोट एक दिवस भरलं आणि खोती तशीच राहिली. अलिबागजवळ चरी गावात १९३३ मध्ये कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने ठरवलं की जमीन कसायचीच नाही, आणि सहा वर्षं संप चालवला, लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले पण मागे हटले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. यातलं कोणीही ख्रिस्ती थिऑलॉजी म्हणून हे केलं नाही आणि आपण त्यावर आपला शिक्का मारायचा पण नाही. पण दोन पायली भात आणि खोतीविरुद्धचा संप यात जो फरक आहे तोच फरक लिबरेशन थिऑलॉजी दाखवते.

ब्राझीलचे आर्चबिशप हेल्डर कामारा म्हणायचे की मी गरिबाला जेवण देतो तेव्हा मला संत म्हणतात, आणि गरिबाकडे जेवण का नाही असं विचारतो तेव्हा कम्युनिस्ट म्हणतात. छोटंसं गाव असो की मोठा देश, का असं विचारलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते.

बायबलमध्ये हे खरंच आहे की ओढूनताणून आणलंय?

आहे, आणि इतक्या ठिकाणी आहे की आपण इतकी वर्षं कसं नाही बघितलं हाच प्रश्न पडतो.

निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात मिसरात गुलामीत पडलेल्या लोकांबद्दल देव मोशेला काय सांगतो? मी माझ्या लोकांचे हाल बघितले, मुकादमांच्या जाचामुळे त्यांनी केलेला आक्रोश ऐकला, म्हणून त्यांना सोडवायला खाली उतरलो. आपल्या देवाची ओळख बायबलमध्ये अशी होते, वेठबिगारांचं रडणं ऐकून खाली उतरणारा. आमोस हा संदेष्टा माप लहान करणाऱ्या आणि तागडी खोटी करणाऱ्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, पायताणाच्या जोडापायी गरिबाला विकत घेता म्हणतो. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक मासे विकणारी काकी म्हणाली की हा आमोस लिलावाला उभा राहिलेला माणूस दिसतोय, कारण काट्यात कसं मारतात हे तिला चांगलं ठाऊक आहे. लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ मालकाला परत द्यायचा नियम आहे. येशू नाझरेथच्या सभास्थानात उठून वाचतो की दीनांना शुभवर्तमान सांगायला, ठेचलेल्यांना सोडवायला मला पाठवलंय, आणि म्हणतो की हे आज पूर्ण झालं. आणि मरियामाईचं स्तोत्र, जे आपण गोड चालीत म्हणतो, त्यात देव सत्ताधाऱ्यांना गादीवरून खाली ओढतो, भुकेल्यांना भरपेट देतो आणि धनवानांना रिकाम्या हाताने पाठवतो. त्या खेडेगावातल्या गरोदर पोरीच्या तोंडचे शब्द आहेत हे, आपण त्यांची धार घालवून टाकली.

एक प्रसंग सांगतो. एकदा आम्ही याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय वाचत होतो. त्यात आहे की तुमचं शेत कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे. त्या दिवशी एक नेपाळी खलाशी पोरगा सहज येऊन बसला होता. तो म्हणाला, मेरा भी रुका है. मग हळूहळू कळलं, सीझन संपत आलेला, हिशोब होत नव्हता, सुरुवातीला घेतलेली उचल, डॉक्टरचे पैसे, जेवणाचे पैसे असं सगळं कापत कापत त्याच्या हाताला काही लागणार नाही असं दिसत होतं. ज्याच्या बोटीवर तो होता तो मालक आमच्याच समाजातला, इगर्जीत (चर्चमध्ये) आमच्याच बाकावर बसून मिस्सा (मुख्य उपासना) ऐकणारा. त्या रात्री कोणी जास्त बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिघंजण मालकाकडे गेले, भांडायला नाही, वही घेऊन बसायला. तीन बैठका झाल्या, हिशोब लागला, पोरगा पैसे घेऊन गावी गेला. मालक वर्षभर आमच्याशी नीट बोलला नाही, आणि मला ते खूप लागलं कारण माणूस वाईट नाही, त्याच्या डोक्यावर पण डिझेलचं आणि बँकेचं कर्ज आहे. पण बायबल आधीही दहा वेळा वाचलं होतं की आम्ही, तो पोरगा बसला म्हणून ते वाक्य ऐकू आलं.

म्हणजे तुमची ही बैठक तीच बेस कम्युनिटी का?

आम्ही स्वतःला असं काही मोठं नाव देत नाही, पण पद्धत तिथूनच घेतली. लॅटिन अमेरिकेत फादर कमी आणि गावं लांब लांब, त्यामुळे लोक आपले आपण बायबल वाचायला जमायला लागले, त्या छोट्या गटांना बेस कम्युनिटी म्हणतात, ब्राझीलमध्ये तर असे हजारो गट झाले. बघा, पारखा, करा अशी तीन पायऱ्यांची रीत, ती मुळात बेल्जियमच्या कार्डाइन नावाच्या फादरांनी तरुण कामगारांसाठी काढलेली. आधी आपल्या वाडीत काय चाललंय ते बघायचं, मग वचनाच्या उजेडात ते पारखायचं, मग हातून होईल ते करायचं, आणि परत येऊन सांगायचं.

निकाराग्वात सोलेन्तिनामे नावाची बेटं आहेत एका मोठ्या तलावात, तिथे फादर एर्नेस्तो कार्देनाल, जे कवी होते, ते मिस्साला प्रवचनच द्यायचे नाहीत, तिथले मच्छीमार आणि शेतकरी शुभवर्तमान वाचून आपसात बोलायचे आणि तेच प्रवचन.

एक मात्र सांगतो, बोलायची सवय नसलेल्या माणसाला बोलतं करायला वेळ लागतो. पहिले सहा महिने आमच्याकडे शिक्षक आणि रिटायर्ड बँकवालेच बोलत होते. मग एकदा म्हातारा रापणकर (किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं ओढणारा मच्छीमार) बोलला, "देवान दर्यो सगळ्यांका दिल्यान, मगे मासो एकाच्याच जाळ्यात कित्याक?"

हे सगळं कम्युनिझमच आहे ना? आणि व्हॅटिकनने यावर बंदी घातली होती असं ऐकलंय.

बंदी नाही, इशारा दिला होता, आणि त्या इशाऱ्यात काही खरं पण होतं.

१९८४ मध्ये कार्डिनल रात्झिंगर, जे नंतर पोप बेनेडिक्ट झाले, त्यांच्या कार्यालयाने एक पत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं की काही लोक मार्क्सवादाच्या कल्पना न तपासता जशाच्या तशा उचलतात, सगळं वर्गसंघर्षात बसवतात आणि श्रद्धा राजकारणात विरघळवून टाकतात, ते चालणार नाही. पण त्याच पत्रकात असंही होतं की जे गरिबांसाठी झटतात त्यांच्याविरुद्ध हा इशारा वापरू नका. दुसरं पत्रक १९८६ मध्ये आलं, त्याचा सूर जास्त मवाळ होता, आणि त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ब्राझीलच्या बिशपांना लिहिलं की लिबरेशन थिऑलॉजी उपयोगी आहे, गरजेची पण आहे. मधल्या काळात माणसांना त्रास झाला हे पण खरंय, या विचाराचे ब्राझीलचे लेखक फादर लिओनार्दो बॉफ यांना १९८५ मध्ये गप्प राहायला सांगितलं गेलं आणि १९९२ मध्ये त्यांनी फादरपण सोडलं.

माझं मत विचाराल तर, गरिबी कशामुळे आहे हे समजायला जो अभ्यास लागतो तो घ्यावा, मार्क्सने काही बरोबर सांगितलं असेल तर ते पण घ्यावं, जसं डॉक्टर औषध कोणी शोधलं त्याचा धर्म विचारत नाही. पण माणूस म्हणजे फक्त वर्ग असं मी मानत नाही. तो बोटमालक पण देवाचं लेकरू आहे आणि त्याची पण सुटका व्हायला पाहिजे, त्याच्या वहीतून.

बंदूक हातात घ्यायला सांगतात का हे लोक?

कोलंबियातले फादर कामिलो तोरेस गनिमांना जाऊन मिळाले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये मारले गेले, त्यांचं नाव नेहमी पुढे करतात. पण ते वगळलं तर बहुतेकांनी ती वाट घेतली नाही. कामारा आयुष्यभर अहिंसेच्या बाजूने होते. उलट या वाटेवरच्या लोकांनाच गोळ्या लागल्या. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात लहान शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या सिस्टर डोरोथी स्टँग ७३ वर्षांच्या होत्या, १२ फेब्रुवारी २००५ ला त्यांना वाटेत गाठून मारलं.

रोमेरो कोण? इगर्जीत त्यांचा फोटो का लावलाय?

ऑस्कर रोमेरो, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशाच्या राजधानीचे, सान साल्वादोरचे आर्चबिशप. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा श्रीमंत जमीनदार खूश होते, कारण माणूस पुस्तकात रमणारा, जुन्या वळणाचा, कोणाच्या अध्यात न मध्यात. तीन आठवडे गेले असतील नसतील, १२ मार्चला त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे मिस्साला जात असताना गाडीवर गोळ्या घालून मारले गेले, बरोबरचा एक म्हातारा आणि एक पोरगा पण गेला. ग्रांदे ऊसतोड मजुरांमध्ये काम करायचे. रोमेरोंनी त्या रात्री जाऊन ती तीन प्रेतं बघितली. पुढच्या रविवारी त्यांनी आख्ख्या धर्मप्रांतातल्या बाकीच्या सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलला एकच मिस्सा ठेवली, सगळ्यांनी तिथेच यायचं. लोकांचा पूर आला.

त्यानंतर तीन वर्षं ते दर रविवारी रेडिओवरून प्रवचन द्यायचे आणि त्यात त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण गायब झालं त्यांची नावं वाचायचे. पेपरात जे येत नव्हतं ते लोक मिस्सात ऐकायचे. हे मला सगळ्यात मोठं वाटतं, काही वेगळं तत्त्वज्ञान नाही, फक्त मेलेल्यांची नावं देवासमोर मोठ्याने घेणं. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून आमच्या सैन्याला मदत देऊ नका म्हणून विनंती केली. २३ मार्चला त्यांनी थेट सैनिकांना सांगितलं की तुम्ही मारताय ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, देवाच्या नावाने सांगतो, हे थांबवा. दुसऱ्या दिवशी, २४ मार्च १९८० ला, ते राहायचे त्या कॅन्सर हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये मिस्सा चालू असताना वेदीपाशीच त्यांना गोळी घातली. पुढे १२ वर्षं यादवी चालली, ७५ हजारांच्या आसपास माणसं मेली. १९८९ मध्ये तिथल्या जेझुइट नावाच्या फादरांच्या संघाच्या युनिव्हर्सिटीत सहा फादर, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची पोर यांना सैन्याने रात्री मारलं.

१४ ऑक्टोबर २०१८ ला पोप फ्रान्सिसनी रोमेरोंना संत जाहीर केलं. गरिबांनी त्यांना चाळीस वर्षं आधीच संत मानलं होतं.

आताचे पोप काय म्हणतात?

पोप फ्रान्सिस स्वतः अर्जेंटिनाचे, २०१३ मध्ये निवडून आले त्याच वर्षी त्यांनी गुटिएरेझना भेटायला बोलावलं. २१ एप्रिल २०२५ ला फ्रान्सिस गेले. आताचे पोप लिओ चौदावे जन्माने अमेरिकन, पण कितीतरी वर्षं पेरूत मिशनरी होते आणि चिंबोटेच्या उत्तरेला चिकलायो इथे बिशप होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचं गरिबांवरच्या प्रेमाबद्दलचं पत्र आलं, फ्रान्सिसनी सुरू केलेलं आणि यांनी पुरं केलेलं.

भारतात असं काही झालं का?

झालं, आणि आपल्याकडे प्रश्न वेगळा होता, कारण इथे गरिबीच्या पोटात जात आहे. १९८१ मध्ये बंगळुरूच्या थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी भाषण दिलं आणि तिथून दलित थिऑलॉजीची सुरुवात धरतात. त्यांचं म्हणणं असं की लॅटिन अमेरिकेचं आहे तसं इथे आणून भागणार नाही, भारतातल्या चर्चमध्ये बहुसंख्य दलित आहेत आणि थिऑलॉजी मात्र उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाच्या भाषेत चाललीय. क्रुसावरचा येशू, टाकलेला, थुंकलेला, गावकुसाबाहेर मारलेला, तो दलितांचा आहे. आपल्या कोकणातच महाडला २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला, त्या मातीतल्या माणसाला हे सांगायला लागू नये.

कायद्याचं पण बघा. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो अजून नाही.

आणि मच्छीमारांसाठी फादर टॉमस कोचेरी. केरळचे फादर, मच्छीमार वस्तीत राहिले, नॅशनल फिशवर्कर्स फोरमचे पुढारी झाले. त्याच चळवळीत गोव्याचे माथानी साल्ढाणा, रापणकारांचे नेते. १९८९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरून दोन यात्रा पाणी वाचवा जीव वाचवा म्हणत कन्याकुमारीला पोचल्या आणि तिथे गोळीबार झाला. नव्वदच्या दशकात परदेशी जहाजांना आपल्या खोल समुद्रात परवाने द्यायच्या विरोधात देशभर मच्छीमारांचे संप झाले त्यातही कोचेरी पुढे होते.

झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि खटल्याविना तुरुंगात पडलेल्या पोरांसाठी काम करणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, आरोप त्यांनी नाकारले होते, खटला उभा राहायच्या आधीच ५ जुलै २०२१ ला ते मुंबईत गेले. ८४ वर्षांचे होते, पार्किन्सनने हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला सिपर मागावा लागला होता.

आपल्या चर्चमध्ये जात आहे का?

आहे. गोव्याकडे बामण, चारडो, सुदीर हे ख्रिस्ती घरांत अजून विचारतात, लग्न ठरवताना तर हमखास, आणि आपल्या बाजूला पण ते आलेलंच आहे. हे लिहिताना मला लाज वाटते. दुसऱ्यांच्या व्यवस्थेवर बोट ठेवायच्या आधी आपल्या इगर्जीतल्या बाकांकडे बघायला पाहिजे.

हे धर्मांतर करायचं नवीन साधन तर नाही?

आमचे शेजारी गाबीत बांधव (हिंदू मच्छीमार) हे विचारतात आणि त्यांना विचारायचा हक्क आहे. नाही. आमच्या बैठकीत कोणालाही ख्रिस्ती हो म्हणून सांगत नाही, आणि कोणाला मदत करताना तो कुठल्या देवळात जातो ते बघत नाही. रापण ओढताना दोरीला ख्रिस्ती, गाबीत, सगळे असतात. ज्याला लोकांची गरिबी आपल्या धर्माची संख्या वाढवायला वापरायचीय त्याने हा विचार वाचलेलाच नाही.

आमच्या किनाऱ्यावर याचा आज काय उपयोग?

रापणीपासूनच सांगतो. पहाटे होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून माणसं पाय वाळूत रोवून ओढतात. जाळं वर आलं की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, राबणाऱ्यांचे वाटे. आणि येता जाता ज्याने दोरीला हात लावला त्याच्या हातात पण चार मासे पडतात, म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं, सगळे. आता समोर पर्ससीनची बोट (थव्याभोवती मोठं जाळं आवळणारी) एका रात्रीत आख्खा थवा उचलते, बंदी असून एलईडी दिवे लावून मासा ओढून घेतात, आणि रापण रिकामी येते. समुद्र तोच, पण वाटा गेला. हा प्रश्न आम्ही वचनासमोर ठेवतो. आमच्यातले काहीजण मच्छीमार संघटनेच्या आंदोलनात जातात, आणि बैठकीने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची हे ठरलंय, फक्त वादळात सापडलेल्यांसाठी नाही.

आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार हा दुसरा विषय. कुटुंब घेऊन येतात, बागेतच खोपटात राहतात, पोरांच्या शाळेचं काही खरं नसतं. आपण मुंबईत चाकरमानी म्हणून गिरणीत गेलो, दहा बाय दहाच्या खोलीत वीसजण राहिलो, आपल्याला तरी हे दिसायला पाहिजे.

बायका कुठे आहेत यात?

सुरुवातीच्या पुस्तकांत फार नव्हत्या, हे त्यांनीच दाखवून दिलं. ब्राझीलच्या सिस्टर इव्होने जेबारा म्हणाल्या की गरीब असं सरसकट म्हटलं की त्यातली बाई दिसेनाशी होते, आणि त्यांनाही १९९५ मध्ये व्हॅटिकनने गप्प बसवलं. मासे बोटीवरून उतरले की पुढचं सगळं बाईच्या डोक्यावर, टोपली, रिक्षाचं भाडं, बाजारात बसायला जागा नाही, संडास नाही. संघटनेच्या मीटिंगला मात्र पुरुष.

याने प्रार्थना, रोजरी (माळेवर म्हणायची प्रार्थना) मागे पडते का?

आमच्याकडे तरी नाही पडली. उलट ज्याच्यासाठी आपण काही करतोय त्याचं नाव घेऊन रोजरी म्हणताना ती लवकर संपत नाही.

आमच्या वाडीत असं सुरू करायचं तर कसं?

फादरना सांगा पण त्यांच्यावर टाकू नका. इगर्जीत नको, पडवीत बसा, म्हणजे ज्यांना इगर्जीत यायला संकोच वाटतो ते पण येतील. वेळ बायकांना विचारून ठरवा. खलाशी पाहिजे असतील तर पावसाळी बंदीत सुरू करू नका, तेव्हा ते गावी गेलेले असतात, नारळी पौर्णिमेनंतर बघा. पुस्तकं विकत घ्यायची घाई नको, एक बायबल आणि स्पष्ट वाचणारं एक माणूस पुरे, बाकीच्यांनी ऐकायचं. आम्ही आता रूथचं पुस्तक घेणार आहोत, परक्या मुलखातून येऊन दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणाऱ्या बाईची गोष्ट आहे ती, आणि वाचायला बागेतल्या नेपाळी वहिनींना सांगितलंय. त्यांची लिपी आपलीच, मराठी अक्षरं त्या अडखळत का होईना वाचतात.